वर्षभराचीं छायाचित्रें

मृत मनुष्यासाठीं काय काय करावें हें आपल्या शास्त्रकारांनीं तपशीलवार सांगून ठेविलें आहे. परंतु तें किती दिवस करावें ह्याविषयीं त्यांच्या मनांत जी मुदत होती, ती आपण पुष्कळच आंखडती करून घेतली आहे. सपिंडीकरण हें मुळांत वर्षअखेरीस व्हावयाचें. तें आतां बहुतेक घरांतून बाराव्या दिवशींच उरकतें, तेराव्या दिवशीं गोडधोड होतें, आणि चौदाव्या दिवशीं शोक करणारा मनुष्य कचेरींत हजर होतो. उरलेल्या साडेतीनशें दिवसांचें त्यानें काय करावें, हें त्याला कोणी सांगत नाहीं.

आमची आई गेल्या वर्षीं वारली. तिनें ऐंशी वर्षें ओलांडलीं होतीं, तेव्हां अकालीं घाला पडला असें म्हणण्याची सोय नाहीं. आणि पन्नाशी उलटलेल्या प्रोफेसरानें आईसाठीं रडत बसावें हें चारचौघांत शोभतही नाहीं. चौदाव्या दिवशीं सकाळीं सात वाजतां, केवळ फोन हातांत होता म्हणून, आम्हीं स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्याचें छायाचित्र घेतलें. तेथें तिचें लांकडी स्टूल असे. त्यावर बसून ती भाजी निवडी व मधून मधून भिंतीला डोकें टेकी. वर्षानुवर्षें टेकलेल्या त्या डोक्याच्या खोबरेलाचा एक वाटोळा डाग भिंतीवर पडला होता. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं आम्हीं पुन्हां छायाचित्र घेतलें, आणि तिसऱ्या दिवशींही. मग तो नेमच झाला.

आमच्या एका स्नेह्यांनीं हें ऐकून स्पष्टच विचारलें कीं, ह्याला शोक म्हणावें कीं छंद? प्रश्न आम्हांस झोंबला, आणि ज्या अर्थीं झोंबला त्या अर्थीं त्यांत तथ्य असावें असें वाटून आम्ही त्याचा विचार करूं लागलों.

फ्रेंच टीकाकार रोलां बार्थ ह्याची आई 25 ऑक्टोबर 1977 रोजीं वारली. दुसऱ्याच दिवसापासून तो कागदाच्या चिठोऱ्यांवर आपल्या शोकाच्या नोंदी करूं लागला. त्या त्यानें सुमारें दोन वर्षें केल्या. आईचीं जुनीं छायाचित्रें चाळतांना तिचें मुद्रा-साम्य त्याला अनेक चित्रांत आढळलें, पण ती स्वतः सांपडेना. शेवटीं ती सांपडली ती 1898 सालच्या एका चित्रांत. त्यांत ती पांच वर्षांची पोर आपल्या भावाशेजारीं कांचघरांतल्या बागेंत उभी आहे. म्हणजे पुत्राला माता सांपडली ती त्याच्या जन्मापूर्वींची! छायाचित्रणावरील त्याचा ग्रंथ 1980 मध्यें निघाला. त्यांत इतर पुष्कळ चित्रें छापलीं आहेत, पण हें एक नाहीं; कारण परक्याला तें एका मुलीचें जुनें चित्र, ह्यापलीकडे कांहीं वाटलें नसतें. त्याच वर्षीं बार्थ अपघातानंतर वारला, आणि ते चिठोरे मात्र 2009 मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले. ज्यानें आईचें चित्र झांकून ठेविलें त्याचा शोक इतरांनीं बाजारांत मांडावा, हें आम्हांस अद्याप बरें वाटत नाहीं. अर्थात् तें पुस्तक आम्हीं वाचलें आहे, तेव्हां आमच्या तक्रारीला फारसें वजन नाहीं.

बार्थजवळ एक चित्र होतें व त्यांत आई होती. आमच्याजवळ साडेतीनशें आहेत आणि त्यांतल्या एकाही चित्रांत ती नाहीं. तरीही त्यांचा उपयोग झाला नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. दिवसभर जें दुःख वाटेल तेथें गांठी, तें सात वाजतां एका ठिकाणीं आपली वाट पाहत आहे एवढें कळलें, कीं वर्गांत शिकवितांना गळा दाटून येण्याचें थांबतें. पूर्वीं हेंच काम तर्पणाची ओंजळ करीत असावी. परंतु स्नेह्यांच्या प्रश्नाचें हें उत्तर अपुरें होतें, हें आम्हांस वर्षश्राद्धाच्या दिवशीं कळलें.

श्राद्धासाठीं धाकटी बहीण आली होती. दुपारीं पानें उचलल्यावर आम्हीं तिला तीं चित्रें क्रमानें दाखविलीं. पहिलीं कांहीं तिनें भराभर पाहिलीं. आषाढांतलीं आलीं तेव्हां ती थांबली, मागें गेली, पुन्हां पुढें आली आणि म्हणाली, "दादा, डाग कुठें गेला रे?"

डाग कोठेंच गेला नव्हता. पावसाळी दिवसांत कोपऱ्यांत उजेड कमी पडे म्हणून आम्हींच स्टूल दोन हात खिडकीकडे सरकविलें होतें. चित्र खरोखर चांगलें येऊं लागलें. लांकडावर उजेडाची तिरीप पडे, भिंत स्वच्छ दिसे. डाग चौकटीबाहेर राहिला हें आमच्या लक्षांत आलें नव्हतें असें लिहिण्याचा मोह होतो, पण तें खरें नाहीं. तो चित्रांत ओंगळ दिसतो असें आमच्या मनांत एकदां येऊन गेलें होतें. ज्या दिवशीं तें मनांत आलें त्या दिवशीं आम्ही शोक करीत नव्हतों, हें स्नेह्यांनीं सांगण्याची गरज नव्हती.

बहीण अधिक कांहीं बोलली नाहीं. तिनें उठून स्टूल पुन्हां भिंतीशीं नेऊन ठेविलें आणि क्षणभर त्यावर बसली. ती आईपेक्षां उंच आहे. तिचें डोकें डागाच्या चार बोटें वर टेकलें.

तीं आषाढ-श्रावणांतलीं चित्रें आम्हीं काढून टाकलेलीं नाहींत. दिवाळीपूर्वीं घराला रंग देण्याचें ठरत आहे. त्या एका भिंतीचें काय करावयाचें, हें अजून ठरलेलें नाहीं.