थांबा आहे, गाडी नाही

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या अगदी टोकाच्या पाड्यावर राहणाऱ्या एक मावशी सलग चार रविवार मिस्साला दिसल्या नाहीत. त्या आजारी असाव्यात, असा सोयीस्कर तर्क करून आम्ही स्वस्थ राहिलो. पाचव्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळले की, मावशी ठणठणीत आहेत. बंद पडली आहे ती त्यांच्या पाड्यावर येणारी बस. उत्पन्न पुरेसे नाही म्हणून ती फेरी रद्द झाली होती. थांब्याची शेड मात्र जागच्या जागी उभी होती. महिनाभर आम्हास याचा पत्ताही लागला नाही, कारण आम्ही मोटारसायकलवरून फिरतो.

रविवारी कोणाची तरी गाडी पाठविण्याची व्यवस्था करू, असे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. मावशी हसल्या. म्हणाल्या, "रविवारचं ठीक आहे, फादर. पण बुधवारी दवाखान्यातून साखरेच्या गोळ्या आणायच्या असतात, शुक्रवारी भाजीची टोपली घेऊन बाजार गाठायचा असतो. रोज कोणाच्या दारात जाऊन उभी राहू? बसमध्ये तिकीट काढलं की कोणाचे उपकार नसतात."

त्यांच्या या शेवटच्या वाक्याने आम्हास विचारात पाडले. शहराने आपल्या माणसांची ने-आण करणे हे त्याचे कर्तव्य आहे की उपकार?

कायद्याचे उत्तर पाहू. मुंबईखेरीज महाराष्ट्रातील इतर महानगरपालिकांचा कारभार १९४९ च्या अधिनियमानुसार चालतो. त्यातील कलम ६३ मध्ये महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत: रस्त्यांची सफाई, गटारे, दिवाबत्ती इत्यादी. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत, आणि प्रवासी वाहतूक या दुसऱ्या यादीत येते. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी संस्थांकडे सोपविण्याजोगे १८ विषय तीत आहेत. त्यांपैकी सतराव्या विषयात दिवाबत्ती, वाहनतळ आणि बसथांबे यांचा उल्लेख आहे. बससेवेचा मात्र नाही. मावशींच्या पाड्याचे चित्र जणू घटनेच्या त्या पानावरच रेखाटले आहे.

तरीही आपल्या शहरांनी हे काम आपले मानले, हेही सांगितले पाहिजे. मुंबईतील पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली, तेव्हा ती एका खासगी कंपनीची होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मुंबई महापालिकेने तो सारा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे अनेक वर्षे वीजपुरवठ्याच्या शिलकीतून बसचा तोटा भरून निघत असे. घरात दिवा लावणाऱ्याने गिरणीकडे निघालेल्या कामगाराच्या प्रवासाला नकळत हातभार लावावा, अशी ती योजना होती. हे वीजग्राहकावर अन्यायकारक आहे, असा आक्षेपही घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण शहर म्हणजे केवळ शेजारी शेजारी राहणारी माणसे नव्हेत, ती एकमेकांची काही लागतात, हा विचार त्या व्यवस्थेच्या मुळाशी होता.

आज सभागृहात बसचा विषय निघाला की पहिला शब्द उच्चारला जातो तो 'तोटा'. फेरीचे मोजमाप दर किलोमीटरच्या उत्पन्नावर होते; डिझेल, चालक-वाहकांचे वेतन आणि देखभाल यांच्या खर्चाशी ते ताडून पाहतात आणि जमत नसेल तर फेरीवर काट मारतात. मात्र रस्ता रुंद केला, उड्डाणपूल बांधला, तर त्याचे दर किलोमीटर उत्पन्न किती, असे सहसा कोणी विचारीत नाही. ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यासाठी केलेल्या खर्चाला आपण विकास म्हणतो आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी केलेल्या खर्चाला तोटा.

परंतु विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. पालिकेचा पैसा आकाशातून पडत नाही. दिवसभर रिकामी बस फिरविली तर ते डिझेल कोठून तरी वजा होणारच. कदाचित दवाखान्यातील औषधांतून, आणि ती औषधे मावशींनाच लागतात. प्रत्येक पाड्याला दर अर्ध्या तासाने बस मिळावी, असा आग्रह धरणे हा न्याय नव्हे.

येथे संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला भेद उपयोगी पडतो. ॲरिस्टॉटलच्या आधारे ते न्यायाचे दोन प्रकार सांगतात. एक विनिमयाचा न्याय: दोघांमधील देवघेवीत जितके घेतले तितके द्यावे. दुसरा वितरणाचा न्याय: जे सर्वांचे आहे ते समाजाने घटकांमध्ये योग्य प्रमाणात वाटावे. तोट्याचा युक्तिवाद पहिल्या न्यायाची मोजपट्टी दुसऱ्याच्या क्षेत्रात वापरतो. प्रमाणशीर वाटप म्हणजे सर्वांना सारखे वाटप नव्हे. हमरस्त्यावर दर दहा मिनिटांनी बस आणि पाड्यावर दिवसातून दोन, यात अन्याय नाही. पण दोनाचे शून्य होते तेव्हा ती केवळ घट राहत नाही. थोडे मिळणे आणि वगळले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळते, हे स्तुत्यच आहे. पण जेथे कोणतीच गाडी येत नाही तेथे अर्ध्या तिकिटाचा उपयोग तो काय?

हा विषय आम्ही धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत मांडला, तेव्हा एका सदस्याने विचारले, "फादर, आपणच एखादी गाडी का ठेवू नये?" प्रश्न रास्त होता. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या विश्वपत्रात म्हटले आहे की, लहान समाजघटकाला जे जमते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. पण त्याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी की, लहानाला जे पेलत नाही तेथे मोठ्याने हात द्यावा. शिवाय आमची गाडी प्रामुख्याने आमच्याच माणसांना नेईल. त्याच पाड्यावरील इतर धर्मांच्या शेजाऱ्यांचे काय? आणि मावशींचे वाक्य तर उरतेच. ज्यावर तिचा हक्क आहे ते आपण तिला दया म्हणून देऊ लागलो, तर आपल्या मनाला समाधान लाभेल, तिच्या मानेला मात्र वाकावे लागेल.

बैठक संपल्यावर आम्ही बाहेर आलो. चर्चचे आवार वाहनांनी भरून गेले होते. त्या बसची चिंता करणाऱ्या आम्हा साऱ्यांपैकी एकानेही वर्षभरात त्या बसने प्रवास केला नव्हता. मग ती रिकामी कोणी केली? स्कूटर घेणे हे पाप नव्हे; रात्रपाळीच्या परिचारिकेला ती लागतेच. पण आपण बसमधून उतरलो म्हणून आत बसलेल्यांचा विसर पडावा, हे मात्र योग्य नव्हे.

योहानकृत शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस आम्हास आठवतो. ३८ वर्षांपासून तो आजारी होता. तळे समोरच होते. त्याला पाण्यापर्यंत नेणारे कोणी नव्हते. प्रभू येशूने प्रथम त्याला प्रश्न विचारला आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. आमच्या पाड्यावर फेरी बंद करण्यापूर्वी कोणी विचारायला आले नाही. आम्हीही महिनाभर गेलो नाही.

काही वर्षे राज्यातील अनेक शहरांत प्रशासकांचा कारभार होता. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि गाऱ्हाणे ऐकणारे नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. आम्ही निवेदन तयार केले आहे. मागणी माफक आहे: सकाळी दवाखान्याच्या व बाजाराच्या वेळेला एक फेरी, दुपारी परतीची एक, गाडी लहान असली तरी चालेल, आणि कोणतीही फेरी रद्द करण्यापूर्वी त्या वस्तीत येऊन लोकांना विचारावे. पहिली सही मावशींची आहे. तिच्याखाली शेजारच्या सर्व घरांच्या सह्या आहेत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

वाचकहो, आपल्याही परिसरात असा एखादा थांबा असेल. त्याच्या शेडखाली सध्या कोण उभे राहते आणि कोण दिसेनासे झाले आहे, याची चौकशी करावी. आणि फेरी पुन्हा सुरू झाली, तर आठवड्यातून एकदा तरी आपले वाहन घरी ठेवून तिकीट काढावे. आम्ही बुधवार ठरविला आहे.