खेळाचें प्रयोजन

तीन ते सहा वर्षांच्या मुलानें किती खेळावें आणि किती शिकावें, हा प्रश्न वरकरणीं वेळापत्रकाचा दिसतो. सकाळच्या तीन तासांपैकीं एक तास अक्षरांस व दोन तास खेळास दिले कीं वाद मिटला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः हा वाद तासांचा नसून बाल्याविषयींच्या आपल्या कल्पनेचा आहे. बाल्य ही पुढील आयुष्याची केवळ पूर्वतयारी आहे, कीं तो आयुष्याचाच एक स्वयंपूर्ण भाग आहे? याचें उत्तर मनाशीं ठरविल्यावांचून वेळेची वांटणी करणें म्हणजे हद्द न पाहतां कुंपण घालण्यासारखें आहे.

अभ्यासाच्या बाजूचे लोक पहिलें मत उघडपणें मानतात, यांत नवल नाहीं. नवल हें कीं, खेळाचे कैवारीही बहुधा तेंच मत गृहीत धरतात. खेळानें बोटांस वळण लागतें, भाषा सुधारते, चार जणांत वागण्याची संवय होते, म्हणून मुलांस खेळूं द्यावें, असें ते सांगतात. हीं विधानें खोटीं नाहींत. पांचव्या वर्षीं मनगटाचीं कांहीं हाडें अद्याप कूर्चेचींच असतात, तेव्हां लेखणीची घाई करूं नये हेंही योग्यच. परंतु खेळाचा बचाव एवढ्याच पायावर उभारला, तर तो पाया प्रतिपक्षाचा होय.

फिनलंड देशाचें उदाहरण सर्वत्र दिलें जातें. तेथें मूल सातव्या वर्षीं शाळेंत जातें; तत्पूर्वींचीं वर्षें मुख्यतः खेळांत जातात. ही रीत तेथें जुनीच होती. पण जगाचें लक्ष तिच्याकडे केव्हां गेलें? २००१ सालीं पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे निकाल प्रसिद्ध झाले व वाचनांत फिनलंडचा क्रमांक पहिला आला, तेव्हां! म्हणजे परीक्षेनेंच खेळास प्रशस्तिपत्र दिलें. पुढें त्या देशाचे गुण उतरत गेले. २०२२ च्या परीक्षेंत ती उतरण स्पष्टच दिसली. मग आतां तेथील मुलांचा खेळ काढून घ्यावा काय? ज्यानें गुणांकरितां खेळाची शिफारस केली, त्याला ‘नाहीं’ म्हणण्यास तोंड उरत नाहीं.

ही उपयुक्ततेची दृष्टि फार जुनी आहे. पुढें घरें बांधणाऱ्यानें लहानपणीं खेळांतलीं घरें बांधावीं, असें प्लेटोनें ‘लॉज’ या ग्रंथांत सुचविलें. ॲरिस्टॉटलनें पांच वर्षांपर्यंत मुलास अभ्यास लावूं नये असें म्हटलें खरें. पण त्याचे खेळ पुढील गंभीर उद्योगांच्या अनुकरणाचे असावे, ही पुस्तीही जोडली. आमचा सुभाषितकार पांच वर्षें लाड सांगतो, आणि लागलीच दहा वर्षें ताडन! याहून निराळा असा एक विचार आपल्या परंपरेंत आहे. तो मात्र बालशिक्षणाच्या चर्चेंत सहसा कोणी आणीत नाहीं. ज्याला कांहींच हवें नाहीं अशा ईश्वरानें जग कां निर्माण करावें, या आक्षेपास ब्रह्मसूत्रांत बादरायणानें दिलेलें उत्तर ‘लीला’ हें आहे. सर्व इच्छा पुरलेल्या राजाची क्रीडा आणि आपला श्वासोच्छ्वास, हे दृष्टांत शंकराचार्यांनीं त्यावर दिले. जिला बाहेरचें प्रयोजन नाहीं अशीही क्रिया असूं शकते, हें येथें मान्य झालें. जें ईश्वराच्या ठायीं आपण आदरानें मानतों, तें चार वर्षांच्या मुलाच्या ठायीं मानणें आपणांस इतकें जड कां जावें?

भातुकली मांडून बसलेली मुलगी पाहावी. मोठीं माणसें म्हणतात, संसाराचे धडे गिरवीत आहे. तिच्या मनांत संसार नसतो. बाहुलीला भूक लागली आहे आणि भात करपतां कामा नये, एवढेंच असतें. त्या भाताविषयीं ती जितकी गंभीर असते, तितके आपण कचेरींतील कामाविषयीं क्वचितच असतों. एका बालवर्गांत बाईंनीं रंगीत ठोकळ्यांचा, आंकडे शिकविणारा ‘खेळ’ वीस मिनिटें मोठ्या कौशल्यानें घेतलेला मीं पाहिला. तो संपतांच एका मुलीनें विचारलें, “बाई, आतां आम्ही खेळायला जाऊं?” बाईंच्या पद्धतींत दोष काढण्यासारखें कांहीं नव्हतें. त्या मुलीस मात्र खेळ आणि खेळाचें सोंग यांतील भेद स्वच्छ कळला होता.

याचा अर्थ पालक निर्दय आहेत असा नव्हे. आपल्या मध्यम वर्गास जें कांहीं मिळालें तें अक्षराच्या बळावर. परीक्षा उतरलेला मुलगा घर सावरी, न उतरलेला घरास भार होई. ती भीति अद्याप गेलेली नाहीं. १९९३ सालीं यशपाल समितीनें बालवर्गाच्या प्रवेशासाठीं मुलाखती नकोत असें सांगितलें. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळावर आधारला. तरी चार वर्षांच्या मुलास संध्याकाळीं शिकवणीस धाडणारें घर आपल्या ओळखींत असतेंच.

याहून वजनदार आक्षेप निराळा आहे. ज्या घरीं पुस्तकच नाहीं, तेथील मुलाचें काय? खेळाचें हें तत्त्वज्ञान म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरांचे चोचले नव्हेत काय? याचें उत्तर युक्तिवादानें देण्यापेक्षां ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कामाकडे बोट दाखवावें हें बरें. १९४५ पासून बोर्डीस, व पुढें कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, त्यांनीं माँटेसरीचीं महाग साधनें बाजूस ठेवून शंखशिंपले, बिया, पानें व खडे यांवर काम भागविलें. मुलें येईनात तेव्हां बालवाडी त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा भरविली. अक्षर तेथेंही आलें, पण मुलाचा दिवस मोडून आलें नाहीं.

अक्षराशीं माझें वैर नाहीं. चौथ्या वर्षीं आपण होऊन दुकानांच्या पाट्या वाचूं लागलेल्या मुलास कोणीं अडवूं नये. त्याचें तें वाचन हाही खेळच. प्रश्न उरतो तो न मागितलेल्या अक्षराचा, आणि त्याकरितां खर्ची पडलेल्या, पुन्हां न येणाऱ्या वर्षाचा. मनसोक्त खेळलेलें मूल पुढें परीक्षेंत मागें पडणार नाहीं, अशी हमी पालकांनीं माझ्याजवळ मागूं नये. ती मी देऊं लागलों, तर फिनलंडच्या स्तुतिपाठकांच्या पंगतीस मलाही पाट मांडावा लागेल.