पाणलोटावरची तीर्थे

वाशीम जिल्ह्यातून नद्या निघून जातात. काटा गावाजवळ उगवलेली काटेपूर्णा उत्तरेला पूर्णा आणि तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. दक्षिण सीमेवरच्या पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जाते. पाणी जिथे थांबतच नाही, त्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीम शहरात, वाकाटकांच्या एका शाखेच्या या राजधानीत, परंपरा 108 तीर्थे सांगते. तेव्हा प्रश्न पडतो, की तीर्थ पाण्याच्या गुणाने पवित्र होते की माणसांच्या वागण्याने? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, आणि त्याला बालाजी मंदिरालगतचा देव तलाव साक्षी आहे. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात मंदिर उभारले, त्याच्याबरोबर हा बांधीव तलावही झाला. त्याच्यामागे ना हिमालय, ना युगायुगांची कथा; माणसांनी खोदला, पायऱ्या बांधल्या, आणि आज भाविक तिथे हात जोडतो.

यावर कोणी म्हणेल, मग तीर्थ म्हणजे निव्वळ मानलेली गोष्ट झाली. उद्या कुठल्याही डबक्याला तीर्थ म्हणा! आक्षेप वजनदार आहे, पण ‘मानणे’ फुकटात होत नाही. याच जिल्ह्यातल्या पोहरादेवी गावाकडे पाहा. तांडा घेऊन रानोमाळ फिरलेल्या बंजारा समाजाने सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी आपली काशी मानली. गंगेशिवाय काशी! त्या मानण्यामागे दरवर्षीची वाट तुडवणे आहे, पिढ्यांची शिस्त आहे. डबक्यापाशी ते कोण करणार? दुसरा आक्षेप श्रद्धावंताचा: पावित्र्य ईश्वरदत्त असते. असेल, पण आपल्या तीर्थकथांत आधी ऋषी तप करतो, मग देव येतो. आधी माणूस, मग पावित्र्य हा क्रम इतरत्रही दिसतो: आयर्लंडच्या खेड्यांतही शॅननसारख्या मोठ्या नदीपेक्षा संतांच्या नावाचे लहान झरे पूजनीय, आणि त्यांना सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्यासारख्याच, प्रदक्षिणा घालतात. याच जिल्ह्यातल्या कारंज्यात जन्मलेल्या दत्तसंप्रदायी नृसिंह सरस्वतींनी नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ही नदीसंगमांवरची ठिकाणे वास्तव्याला निवडली, हे माझ्याविरुद्ध जाते खरे. मात्र कारंज्याचे गुरुमंदिर संगमावाचून अडलेले नाही.

पावित्र्य आचरणातून येत असेल, तर ते आचरणाने जातेही, आणि ही बाब श्रद्धावंताला अधिक बांधून घेते. पाणी आपोआप शुद्ध आहे असे मानणाराच त्यात निर्माल्याची पिशवी निर्धास्त टाकतो. वाशीमच्या त्या 108 तीर्थांपैकी पद्मतीर्थाला जाणाऱ्याने निर्माल्य काठावर ठेवावे, आणि मगच हात जोडावेत.