निदण उपटण्याची घाई

आजचं शुभवर्तमान : मत्तय १३:२४-३०



आजचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एका माणसाने शेतात चांगलं बी पेरलं. रात्री सगळे झोपलेले असताना वैरी आला आणि गव्हामध्ये निदण पेरून गेला. पुढे दोन्ही उगवलं. चाकर धावत मालकाकडे आले आणि विचारू लागले, आम्ही जाऊन ते उपटून टाकू का? मालकाने त्यांना थांबवलं. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, म्हणून कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असं तो म्हणाला.

या दाखल्यात वैऱ्यापेक्षा मला चाकरांचीच जास्त काळजी वाटते. ते वाईट नाहीत. त्यांचं शेतावर प्रेम आहे आणि शेत स्वच्छ दिसावं इतकंच त्यांना हवं आहे. पण त्यांना घाई आहे. प्रभू येशूने ज्या निदणाविषयी सांगितलं ते कोवळेपणी अगदी गव्हासारखंच दिसतं. कणसं येईपर्यंत फरक कळणं कठीण, आणि तोवर जमिनीखाली मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. माझ्या कामात याचा अनुभव रोज येतो. जुन्या कोडमधली एखादी ओळ बिनकामाची वाटते, पण तिच्यावर कुठे काय उभं आहे हे पाहिल्याशिवाय जाणता माणूस तिला हात लावत नाही.

आज हा दाखला एका पुस्तकाच्या निमित्ताने मनात घोळतो आहे.

आमच्या धर्मग्रामात एक छोटं वाचक मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही दहा-अकरा जण बसतो. उपवासकाळासाठी एखादी कॅथोलिक कादंबरी घ्यावी असं ठरलं आणि तीन नावं पुढे आली. पहिलं, फ्रान्झ वेर्फेलचं ‘द साँग ऑफ बर्नाडेट’. वेर्फेल ज्यू होता. १९४० साली नाझींपासून पळताना त्याला लूर्द गावात आसरा मिळाला. सुखरूप सुटलो तर बर्नाडेटची कथा लिहीन, असा नवस त्याने केला आणि तो फेडलाही. दुसरं, ग्रॅहम ग्रीनचं ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ : मेक्सिकोतल्या छळाच्या काळात लपतछपत मिस्सा करणाऱ्या एका दारूड्या धर्मगुरूची गोष्ट. आणि तिसरं, जपानी लेखक शुसाकू एन्डोचं ‘सायलेन्स’.

तिसरं नाव निघालं आणि खोलीतलं वातावरण बदललं.

कारण जपान आम्हा वसईकरांना परका नाही. आमचे संत गोन्सालो गार्सिया इथलेच. ते जपानमध्ये धर्मशिक्षक म्हणून राबले, नंतर व्यापारी झाले, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर खिळलं, त्यांत ते होते. भारतात जन्मलेले ते पहिले संत. आणि ‘सायलेन्स’ त्याच देशातल्या, त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी घडणाऱ्या गोष्टीवर आहे. सेबास्तियन रोद्रिगीस नावाचा तरुण येशूसंघीय धर्मगुरू पोर्तुगालहून निघतो, वाटेत आपल्या गोव्यात थांबतो आणि जपानमध्ये शिरतो. त्याच्या गुरूंनी, फादर फेरेरांनी, श्रद्धा नाकारली अशी बातमी आलेली असते. ती खरी का हे त्याला पाहायचं असतं. तिथे अधिकारी ख्रिस्ती लोकांपुढे प्रभू येशूची किंवा मरियामातेची कोरीव प्रतिमा ठेवतात. तिला फुमिए म्हणतात. पाय ठेवला तर सुटका, नाही ठेवला तर छळ आणि मरण. पुस्तकात काही जण मरतात आणि काही जण पाय ठेवतात.

आमच्या मंडळात एक निवृत्त शिक्षक आहेत. गोन्सालोंवर त्यांची फार भक्ती. ते म्हणाले, “अरे, ज्यांनी क्रूसावर प्राण दिले त्यांच्या गावात आपण पाय ठेवणाऱ्यांची गोष्ट वाचायची? आणि तीसुद्धा उपवासकाळात? तरुण मुलं यातून काय शिकतील?”

सरांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. लोकांसमोर जो मला नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन, या अर्थाचं प्रभूचं वचन याच मत्तयच्या दहाव्या अध्यायात आहे. ते वचन खोडून कुठलीही कादंबरी कॅथोलिक होत नाही. ‘सायलेन्स’ १९६६ साली आलं तेव्हा जपानमधल्या अनेक कॅथोलिकांनाही ते रुचलं नव्हतं. ग्रीनच्या पुस्तकाबद्दल तर रोममध्येच तक्रार गेली होती. १९५४ साली वेस्टमिन्स्टरच्या कार्डिनलसाहेबांनी ग्रीनला त्याबद्दल नापसंतीचं पत्र वाचून दाखवलं. पुढे पोप सहावे पॉल ग्रीनला भेटले. त्यांनी स्वतः ते पुस्तक वाचलेलं होतं. काही कॅथोलिकांना तुमच्या लिखाणातलं काही ना काही खुपणारच, तिकडे लक्ष देऊ नका, अशा अर्थाचं ते त्याला म्हणाले. म्हणजे आमच्या खोलीतला वाद नवा नव्हता. ख्रिस्तसभेत तो आधीही झाला आहे, आणि दोन्ही बाजूंना प्रभूवर प्रेम करणारी माणसं होती.

मग कोपऱ्यात बसलेल्या एक आंटी बोलल्या. त्या एरवी फारसं बोलत नाहीत. त्यांचा मुलगा सहा वर्षांपासून चर्चमध्ये येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याबद्दल काढत नाही. त्यांनी हळूच विचारलं, “तो पाय ठेवून घरी गेल्यावर त्याची आई काय करत असेल? ते आहे का पुस्तकात?”

कुणी लगेच उत्तर दिलं नाही. सरही गप्प झाले.

वाचकहो, तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. पुस्तकात त्या आईची गोष्ट नाही, पण किचिजिरो आहे. त्याची भावंडं ठाम राहिली आणि मारली गेली. तो मात्र नाकारून सुटला. तो दारू पितो, घाबरतो, विश्वासघात करतो आणि प्रत्येक वेळी रडत पापनिवेदनाला परत येतो. रोद्रिगीसला त्याची किळस येते. शांततेच्या काळात जन्मलो असतो तर मीही चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, अशी त्याची तक्रार असते. ही तक्रार वाचून आपण अस्वस्थ होतो, कारण आपण शांततेच्या काळातच जन्मलो आहोत. आपल्यापुढे कुणी फुमिए ठेवलेली नाही. आपण ठाम आहोत की अजून परीक्षाच झालेली नाही, हे कोण सांगणार?

त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मला कादंबरीत नाही, इतिहासात सापडलं. एन्डोने नागासाकीत एक खरी फुमिए पाहिली होती. तिच्या लाकडी चौकटीवर पायांच्या काळसर खुणा होत्या. हे पाय कुणाचे, या विचारातून त्याचं पुस्तक उभं राहिलं. त्या पायांचं पुढे काय झालं ते ऐका.

नागासाकीजवळच्या उराकामी गावात दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला गावप्रमुखाच्या घरी लोकांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. गुप्तपणे ख्रिस्ती असलेली कुटुंबं पाय ठेवत. मग घरी जाऊन पश्चात्तापाची प्रार्थना करत. धर्मगुरू नव्हते, मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हतं. होती ती एवढी प्रार्थना, मुलांना गुपचूप दिलेला बाप्तिस्मा आणि पिढ्यानपिढ्या जपलेला सणांचा हिशेब. आंटी, त्या आया हेच करत होत्या. मुलं पाय ठेवून घरी यायची, आणि आया त्यांना घेऊन प्रार्थनेला बसायच्या. असं दोनशेहून अधिक वर्षं चाललं.

मग १८६२ साली गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांना संत घोषित करण्यात आलं. फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत ओउरा इथे चर्च बांधलं आणि ते त्याच २६ हुतात्म्यांना अर्पण केलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीची काही माणसं त्या चर्चमध्ये आली. फादर पेतीजाँ प्रार्थना करत होते. एका बाईने त्यांच्या कानाशी येऊन सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि विचारलं, मरियामातेची मूर्ती कुठे आहे?

जरा थांबून हे चित्र पाहू या. पाय ठेवणाऱ्यांची नातवंडं-पणतवंडं श्रद्धेत परत आली ती कुठे? ज्यांनी नाकारलं नाही त्यांच्या नावाच्या चर्चमध्ये. आमच्या गोन्सालोंच्या दारात! सर, मला वाटतं आपल्या संताने त्यांना दारातून परत पाठवलं नाही.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. धर्मबंदी अजून उठलेली नव्हती. पुढच्या काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना गावातून उचलून दूरदूर हद्दपार केलं. शेकडो मेले. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर उरलेले परतले. काही वर्षांनी त्यांनी ज्या घरात आपल्या वाडवडिलांना पाय ठेवायला लावत होते, त्या गावप्रमुखाच्या घराची जागा विकत घेतली आणि तिथेच चर्च बांधलं.

एखाद्या घाईच्या चाकराने १७०० साली उराकामीचं शेत पाहिलं असतं तर काय म्हणाला असता? इथे सगळं निदणच आहे, उपटून टाका. आणि गहू गेला असता.

पाय ठेवणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. त्या लोकांनाही तसं वाटत नव्हतं, नाहीतर घरी जाऊन पश्चात्ताप कशाला केला असता? पाप हे पापच. दाखल्यातला मालकही निदणाला गहू म्हणत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की कापणी तुमच्याकडे नाही. हुतात्म्यांचं मोठेपणही याने उणावत नाही. ते क्रूसावर राहिले म्हणूनच पाय ठेवणाऱ्यांना आपण काय नाकारलं हे कळत राहिलं, आणि परत यायला एक घर उरलं.

म्हणून कॅथोलिक कादंबरी निवडताना मी आता तीन गोष्टी पाहतो. लेखकाचा बाप्तिस्मा झाला आहे का, किंवा पानोपानी जपमाळ आहे का, हे मी आधी विचारत नाही. बर्नाडेटची गोष्ट तर एका ज्यू लेखकाने भक्तीने लिहिली. मी विचारतो : हे पुस्तक पापाला पाप म्हणतं का? पापी माणसावरही देवाची कृपा काम करू शकते, ही वाट ते उघडी ठेवतं का? आणि पुस्तक मिटल्यावर शेजारच्या बाकावरच्या, किंवा बाकावर न येणाऱ्या, माणसाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर पुस्तकातल्या निदणाला घाबरायचं कारण नाही.

पुढच्या बैठकीत मी उराकामीची हकिगत सांगितली. सरांनी एक अट घातली : ‘सायलेन्स’चं पहिलं पान उघडण्याआधी गोन्सालोंचं चरित्र वाचायचं, आणि ते मी वाचून दाखवणार. सगळ्यांनी मान डोलावली. पुस्तक इंग्रजीतून आहे, दोघी-तिघींना ते जड जाईल, म्हणून प्रत्येक प्रकरण कुणीतरी मराठीतून सांगायचं ठरलं. किचिजिरो पहिल्यांदा येतो तो भाग आंटींनी मागून घेतला. त्यांचा मुलगा अजून आलेला नाही. त्याला इंग्रजी चांगलं येतं, ते पान त्याच्याकडूनच समजावून घेईन, असं त्या म्हणाल्या.

आज थोडं मनन करू या. माझ्या घरात, माझ्या धर्मग्रामात असं कोण आहे ज्याला मी मनातल्या मनात केव्हाच उपटून टाकलं आहे? आज त्या व्यक्तीला एक फोन करू या. उपदेश करायला नको, चौकशी करायला.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू शेताचा धनी आहेस. आमच्या हातातला विळा काढून घे आणि आम्हाला थांबायला शिकव. जे ठाम राहिले त्यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. जे डळमळले त्यांना घराची वाट दाखव. परीक्षेची वेळ आली तर आम्हाला सांभाळ, आणि आम्ही पडलोच तर परत येण्याची लाज आम्हाला वाटू देऊ नकोस. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.