काजव्याचे अकरा महिने

मे संपत आला की राजगड-तोरण्याच्या पायथ्याला पुण्याच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत येत राहतात. वळवाचे एकदोन शिडकावे होऊन गेलेले असतात, हवा दमट असते आणि हिरडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी भरलेली असतात. पाऊस लागला की थोड्याच दिवसांत हे सारं आटोपतं. मग पुढच्या मेपर्यंत काजव्याची आठवण कोणी काढत नाही. पण त्याचं बहुतेक आयुष्य याच विसरलेल्या महिन्यांत जातं, आणि भोर-वेल्ह्यात काजवा टिकणार की नाही, हेही तिथंच ठरतं.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गणातला कीटक. पंखांची पुढची जोडी झाकणासारखी पाठीवर असते आणि उडायचे पातळ पंख तिच्याखाली घडी होऊन बसतात. दिवा पोटाच्या टोकाकडच्या खंडांत, खालच्या बाजूला. आपल्याकडच्या बऱ्याच जातींत नराचे दोन खंड उजळतात, मादीचा एक. कीटकाला फुफ्फुसं नसतात आणि त्याचं रक्त प्राणवायू वाहण्याच्या कामी फारसं येत नाही. अंगावरच्या श्वासरंध्रांतून हवा आत शिरते आणि बारीक नळ्यांमधून थेट पेशींपर्यंत पोहोचते. दिव्याच्या जागी या नळ्यांचं जाळं फार दाट असतं, कारण ल्युसिफेरिन हे द्रव्य ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने प्राणवायूशी संयोग पावतं तेव्हाच उजेड पडतो. उष्णता जवळजवळ निघतच नाही. एवढी विलक्षण रचना, पण ती कामी येते दोन-तीन आठवडे, जोडीदार सापडेपर्यंत. या काळात अनेक जातींचे काजवे जवळपास काही खातही नाहीत.

खाणंपिणं उरकलेलं असतं ते आधी, अळीच्या रूपात. ही अळी चपटी, काळपट, खंडाखंडांची असते. पावसाळ्यात ती पालापाचोळ्यात, बांधाच्या दगडांखाली गोगलगायींच्या मागावर फिरते. गोगलगायीला चावून तिच्या अंगात विषारी रस सोडते, मांस विरघळवते आणि शोषून घेते. तिच्याही शेपटाशी मंद उजेड असतो. तो जोडीदारासाठी नसतो. खाणाऱ्याला ‘मी बेचव आहे’ असं बजावण्यासाठी असतो. मग मातीत कोष, आणि कोषातून पंखवाला काजवा.

कीटकाला असं अर्धवट ओळखण्यात शास्त्राचाही वाटा आहे. लिनिअसने १७५८ साली कीटकांचे सात गण पाडले ते मुख्यतः पंखांवरून, आणि पूर्ण वाढलेले पंख प्रौढालाच असतात. संग्रहालयांत टाचणीला लावले गेले ते बहुतेक प्रौढच. त्याच्या अर्धशतकाआधी, १७०५ साली मारिया सिबिला मेरिअन या चित्रकर्तीने सुरिनामच्या कीटकांवरच्या ग्रंथात अळी, कोष, फुलपाखरू आणि अळी ज्यावर जगते ते झाड, सगळं एकाच पानावर काढलं होतं. मला मेरिअनची दृष्टी अधिक पूर्ण वाटते. वर्गीकरणाने कीटकाचं कूळ कळलं. तो राहतो कुठे, हे तिच्या पानाने सांगितलं.

भाताच्या खाचरात हीच चूक उलटी होते. इथला शेतकरी खोडकिडा ओळखतो तो अळीवरून: पोंगा सुकला की गाभामर, लोंबी पांढरी आणि पोचट निघाली की पळिंज. पण पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका असलेली पिवळी मादी पतंग रोपाच्या शेंड्याशी अंडी घालते, तेव्हा तिच्याकडे लक्ष जात नाही. म्हणून तर लावणीच्या वेळी शेंडे खुडण्याचा आणि कापणीनंतर धसकटं नांगरून काढण्याचा साधा सल्ला महत्त्वाचा ठरतो: शेंड्यांबरोबर अंडी जातात, धसकटांबरोबर दडून बसलेली अळी. पूर्ण जीवनक्रम ठाऊक असला की औषधाची गरजही कमी होते.

ब्लू मॉर्मनला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळी माकडलिंबासारख्या लिंबूकुळातल्या झाडांची पानं खाऊन वाढते. मान मिळाला पंखांना. त्या झाडाचं नाव किती जणांनी ऐकलं आहे?

म्हणून काजव्यांच्या रक्षणाचा विचार टॉर्च आणि गोंगाटापाशी थांबतो, तेव्हा तो मला अपुरा वाटतो. मोबाइलचा उजेड, फार्महाउसांचे रात्रभर जळणारे दिवे यांनी नर-मादीचे इशारे बिघडतात हे खरंच, आणि ते थांबलेच पाहिजेत. पण उन्हाळ्यात डोंगरउतारांवर जे वणवे लागतात, त्यांत पाचोळा जळतो आणि दगडाआड तोंड मिटून बसलेल्या गोगलगायीही होरपळतात. प्लॉटिंगसाठी जेसीबी बांध सपाट करतो, तेव्हा अळीचं घरच जातं. इथं एक फरक मात्र करायला हवा. शेतकऱ्याचा राब ठरावीक वाफ्यापुरता असतो; त्याला वणव्याच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं होईल.

अळीला सोसणारी व्यवस्था या मुलखात मुळातच होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला. अनेक देवरायांत पडलेली काटकीही उचलायची नाही, असा दंडक असे. त्यामुळे पाचोळा कुजायचा, ओल टिकायची, गोगलगायी वाढायच्या. देवाच्या धाकाने का होईना, जमिनीवरचा तो न दिसणारा संसार राखला गेला.

आता हवी आहे ती पावसाळ्यातली मोजणी. भोर-वेल्ह्यातल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी जुलै ते सप्टेंबर देवराईत, खाचरांच्या बांधांवर आणि वणवा फिरलेल्या उतारावर ठरावीक चौरसांत अळ्या आणि गोगलगायी मोजाव्यात. अळी कोणत्या प्रौढाची, हे आता डीएनएवरून जुळवता येतं, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यातच, आकुर्डीला आहे. या नोंदी ग्रामसभेपुढे आणि वन विभागापुढे ठेवल्या, तर जाळपट्टे कुठे काढायचे आणि कोणता बांध राखायचा, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येईल.