जोतीरावांचे दोन वाचक

१८८२ च्या ऑक्टोबरात जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला इंग्रजीत निवेदन दिले. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. दोन्हींच्या मुळाशी तक्रार एकच: तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामाने आणि शिकतात वरचे वर्ग. पण ती मांडण्याची रीत इतकी वेगळी, की युक्तिवाद कशामुळे पटतो हे समजून घ्यायला पुणेकराने दुसरीकडे कुठे जायचे कारण नाही.

आयोगापुढे जोतीराव आवाज चढवत नाहीत. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे, हे ते आरंभीच सांगतात. मर्यादा आधी सांगणाऱ्या साक्षीदारावर विश्वास बसतो. मग आपण काढलेल्या मुलींच्या शाळेचा दाखला येतो आणि सारा कोण भरतो, याचा हिशेब. मागण्याही थेट अमलात आणता येतील अशा: बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, त्यांना निदान १२ रुपये पगार द्या. सहीखाली व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी ओळख आहे. सरकारी वाचकाला कागदावर माणूस तोलायची सवय असते. त्या तीन शब्दांनी ते काम केले.

‘असूड’ कानांसाठी आहे. जोतीरावांनी तो जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांत पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. म्हणून आरंभीच अविद्येपासून शूद्राच्या खचण्यापर्यंत कारणांची अशी साखळी येते, जी एकदा ऐकली की तोंडात बसते. पुढे स्वतःशीच बडबडत निघालेला शेतकरी भेटतो, त्याच्या घराचे आणि सामानाचे बारीक वर्णन येते. ऐकणाऱ्याला ते घर आपलेच वाटते, आणि मग त्याला वेगळा पुरावा लागत नाही. राग काही ठिकाणी पुराव्याच्या पुढे धावतो, हे खरे. तरी मला तो खोटा वाटत नाही, कारण तो त्या घरातून फिरून आलेला आहे.

‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात ‘असुडा’ची पहिली दोन प्रकरणे छापली गेली आणि पुढची थांबली. सक्तीच्या शिक्षणाची मागणीही १८९० मध्ये जोतीराव वारले तोवर मान्य झालेली नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले ते १९१७ साली.