न्याय्य किंमत

जुन्या वस्तूची न्याय्य किंमत कोणती, या प्रश्नास बाजार एकच उत्तर देतो: घेणारा देईल ती. हे उत्तर पुरेसे आहे काय, हे पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम एक अवघड वस्तू घेतो: शिकारीची जुनी, बोल्टची रायफल.

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या घरी परवानाधारक गृहस्थ वारले आणि त्यांच्या पत्नीस परवाना नको आहे, असे समजा. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये ती रायफल ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी लागते. मुदतीत विल्हेवाट न लागल्यास ती सरकारजमा होऊ शकते. घेणाराही परवानाधारक हवा. आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकास दोहोंहून अधिक बंदुका बाळगता येत नाहीत. गिऱ्हाईक एखादेच उरते, आणि बाईंची अडचण त्यास पुरती ठाऊक असते.

बाईंनी यजमानांच्या शिकारीच्या कीर्तीचे मोल मागू नये, हे उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने तो शौक संपविला. रोही व रानडुकरे तूर-हरभऱ्याची नासाडी करतात खरी. परंतु त्यांस मारण्यासही वनखात्याची अनुज्ञा लागते. अशा रायफलीचा उपयोग आकसला, तशी तिची किंमतही आकसली.

परंतु घेणाऱ्याचे काय? नळीतील पिळदार खाचा झिजल्या आहेत काय, बोल्ट घट्ट बसतो काय, दोहोंवरील क्रमांक जुळतात काय, हे तो जाणतो. बाई जाणत नाहीत. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असता धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याने, मागून आणखी गलबते येत आहेत हे सांगावे की नाही, असा प्रश्न सिसेरोने चर्चिला आहे. तेथे विकणारा जाणता होता. येथे घेणारा जाणता आहे. धर्म मात्र तोच. नळी उत्तम आहे हे ओळखून ती भंगार म्हणून मागणे, हे मौन नसून असत्यच होय.

यावर कोणी म्हणेल, 'बाईंची अडचण मी निर्माण केली नाही. मी न घेतल्यास त्यांस कवडीही मिळणार नाही.' हे खरे आहे. परंतु अडला हरी गाढवाचे पाय धरतो, म्हणून गाढवाचे मोल वाढत नाही; तसे विकणारा अडला म्हणून वस्तूचे मोल घटत नाही. गिऱ्हाइके थोडी असणे हे कायद्यामुळे अशा सर्वच रायफलींस लागू आहे. म्हणून ते वस्तूच्या मोलात धरावे. मुदतीची घाई त्या एका घरापुरती आहे. ती मोलात धरू नये. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने, घेणाऱ्याची निकड पाहून विकणाऱ्याने भाव चढवू नये, असे प्रतिपादिले. आम्ही तोच न्याय उलट बाजूसही लावतो.

व्यवहारात कसोटी सोपी आहे. ज्यास घाई नाही आणि जो नळी पारखू शकतो, अशा मालकास आपण जो भाव सांगितला असता, तोच बाईंस सांगावा. वस्तूची उणीव किमतीतून वजा करावी. माणसाची उणीव करू नये.